अर्धाच सांगितलेला कारखाना

माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि तेही पुरतं नाही. परीक्षेच्या आठवड्यात वडिलांबरोबर खडी फोडायला गेलो तो परत शाळेत बसलोच नाही. हे मी लाज म्हणून सांगत नाही आणि मोठेपणा म्हणूनही नाही. पुढचं समजायला एवढं ठाऊक असलेलं बरं, म्हणून सांगतो. अंबरनाथच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, हात चालला म्हणून फिटर झालो आणि फिटर म्हणूनच रिटायर झालो. इंग्रजी अक्षरं मी ड्रॉइंगवरून शिकलो. वाक्य लावता येत नाही, पण अक्षर ओळखतो, आकडा ओळखतो. एका कागदावरचा शब्द दुसऱ्या कागदावर आला तर तो तोच आहे की दुसरा, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

रिटायर झाल्यावर बदलापूरला हेंद्रेपाड्यात तळमजल्यावर ब्लॉक घेतला. मुलगा आणि सून दोघंही सकाळी नोकरीला जायची, त्यामुळे नात माझ्या आणि म्हातारीच्या हाताखालीच मोठी झाली. सोसायटीच्या पाण्याच्या मोटरची खोली आमच्या खिडकीला लागून होती. खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि वरची भरली की मोटर बंद करायची, हे काम मी करायचो. मला ते कुणी दिलं नव्हतं, मीच घेतलं होतं. टाकी किती भरली ते बघायला चार मजले चढायचे, झाकण उचलायचं, परत उतरायचं. गुडघे कुरकुरायचे, पण दुसऱ्या कुणाच्या हातात मोटर द्यायला मी तयार नव्हतो. लोक मोटर चालू करतात आणि सिरियल बघत बसतात.

नात तेव्हा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. एके दिवशी चहाचा कप माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "आबा, तुमची मोटर मी कॉम्प्युटरनं चालवू?"

"मोटर माझी नाही, सोसायटीची आहे."

"मग किल्ली तुमच्याकडं का?"

"मी शहाणा आहे म्हणून."

आतून म्हातारीचा आवाज आला. "शहाणे! परवा कोण मोटर चालू ठेवून पेपर वाचत बसलं होतं?"

मी तिकडं लक्ष दिलं नाही. पोरीला विचारलं, हे खूळ कुठून आलं. तेव्हा तिनं नीट सांगितलं. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करावा लागतो. बाकीची मुलं खोक्यात दिवे लावून दाखवतात. पण ज्याचा प्रोजेक्ट खरोखर कुठंतरी चालतो आणि त्या जागेचं तसं पत्र मिळतं, त्याला मार्क चांगले पडतात. डिप्लोमाला चांगले मार्क पडले तर डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. तिला डिग्री करायची होती. आमच्या घरात डिग्री कुणाकडंच नव्हती, माझ्या मुलाकडंही नाही.

"पत्र कोण देणार?"

"सोसायटीचे सेक्रेटरी."

"ते देतील," मी म्हणालो, जसा काही शिक्का माझ्याच खिशात होता.

कॉम्प्युटर घरात होता. उल्हासनगरला एका सिंधी शेठकडून आम्ही जुना उचलला होता. "चाचा, ले जाओ, बढ़िया माल है. नहीं चला तो मैं इधर ही बैठा हूँ," असं तो म्हणाला होता. चालला. पंखा विमानासारखा वाजायचा, पण चालला. त्याच्या मागं प्रिंटर लावायची जी खाच असते, तिच्यातून वायरी काढून मोटरच्या स्टार्टरपर्यंत न्यायच्या, असं पोरीनं ठरवलं. वायरींचं काम मी माझ्याकडं घेतलं. पीव्हीसीच्या पाइपला पाच उंचींवर पाच स्टीलचे स्क्रू बसवले, प्रत्येकाला वायर जोडली आणि पाइप गच्चीवरच्या टाकीत उभा केला. पाणी ज्या स्क्रूला टेकेल त्याची खबर वायरीतून खाली कॉम्प्युटरला जाणार. वायरी पाइपलाइनच्या कडेनं क्लिपा मारून सरळ रेषेत आणल्या. कुणीही येऊन बघावं, एक वायर वाकडी नव्हती.

कॉम्प्युटरला काय करायचं ते सांगायला पोरगी सी नावाच्या भाषेत लिहीत होती. निळा पडदा आणि त्यावर पिवळी-पांढरी अक्षरं. ती मला समजावून सांगायची आणि मी मान हलवायचो. पैकी एक गोष्ट मला लगेच कळली. त्यात 'लेव्हल' नावाचा एक आकडा होता. टाकी रिकामी तर शून्य, वरच्या स्क्रूपर्यंत भरली तर पाच. सगळा खेळ त्या आकड्यावर. आकडा एकच्या खाली गेला की मोटर चालू, पाच झाला की बंद. शिवाय तो आकडा पडद्यावर दिसायला हवा आणि टाकी भरली की भोंगा वाजायला हवा. घरात बादलीत पाइप बुडवून तिनं करून दाखवलं. मोटरच्या जागी बल्ब लावला होता. बादली भरली आणि बल्ब विझला. म्हातारीनं पोरीची दृष्ट काढली.

इथंच मी नाक खुपसलं.

तिचं सगळं लिखाण एकाच फाइलीत होतं. ती खाली जायचं बटण दाबून धरायची आणि अक्षरं पळतच राहायची. एकदा भोंग्याचा आवाज कमी करायला गेली आणि मोटरचंच काहीतरी बिघडवून बसली. दोन तास शोधत होती.

मी म्हणालो, "मोटर आणि भोंगा एकाच टेबलावर कशाला?"

"चालतंय ना आबा."

"चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही. आमच्याकडं लेथ एका शेडमध्ये, ग्राइंडिंग दुसऱ्या शेडमध्ये, पेंटिंग तिसऱ्या. ग्राइंडिंगची भुकटी पेंटवर बसली तर माल परत यायचा. प्रत्येक खातं वेगळं. एका खात्यात गडबड झाली तर दुसरं काम करत राहतं."

"वेगळं करता येतं. सरही सांगतात फाइली वेगळ्या करा."

"तुझे सर शहाणे आहेत. कारखान्यात काम केलेलं दिसतंय."

तिला ते करायचं नव्हतं, कारण पत्राची तारीख जवळ आली होती. पण मी पाठ सोडली नाही. जेवताना, चहाला, ती वेणी घालत असताना, मी तेच बोलायचो. तिसऱ्या दिवशी ती वैतागली आणि तिनं एकाच्या चार फाइली केल्या. एक पाणी बघणारी, एक मोटर चालवणारी, एक पडद्यावर आकडा दाखवणारी आणि एक भोंग्याची. मी बघितलं आणि मला फार बरं वाटलं. चार खाती, चार शेड.

पण चारही जोडायला गेली तर कॉम्प्युटर अडून बसला.

"काय म्हणतोय?"

"लेव्हल चारही फाइलींना लागतो, म्हणून मी तो चारही ठिकाणी लिहिला. आता म्हणतोय, एकच नाव इतक्या ठिकाणी आहे, मी जोडणार नाही."

संध्याकाळी तिनं मैत्रिणीला फोन केला. फोन ठेवून खुशीत आली. "ती म्हणते, लेव्हलच्या आधी स्टॅटिक लिही, गप्प बसतो."

"लिहिलंस?"

"चारही ठिकाणी. बसला गप्प. एक चूक दाखवत नाही."

"बघ," मी म्हणालो. "मी सांगत नव्हतो?"

आयुष्यभर फिटरचं काम केलं. आवाज करणाऱ्या मशीनपेक्षा एकदम गप्प झालेल्या मशीनची भीती जास्त वाटायला हवी, हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मात्र आठवलं नाही. बादलीतसुद्धा पुन्हा करून बघितलं नाही. एकदा बघितलंय की, असं मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी लाइट जायच्या आधी आम्ही खरी मोटर जोडली. त्या वर्षी आमच्याकडं भारनियमन होतं. दुपारी कधी जाईल आणि किती वेळ जाईल त्याचा नेम नव्हता, म्हणून सकाळीच उरकायचं ठरलं. पोरीनं बटण दाबलं. स्टार्टर खट्कन बसला आणि मोटर घुमायला लागली. आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. पडद्यावर शून्य.

"वेळ लागतो भरायला," मी म्हणालो.

थोड्या वेळानं पुन्हा बघितलं. शून्य. मी म्हणालो, "वरची टाकी मोठी आहे." पोरगी खुर्चीच्या टोकावर आली. मला तेव्हाच उठून गच्चीवर जायला हवं होतं. पण मग कॉम्प्युटर कशाला लावला, असं मनात आलं आणि मी हट्टानं बसून राहिलो.

मग वरून आरोळी आली. "आजोबा! अहो आजोबा, पाणी! माझ्या पापड्या!"

चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी पहाटे उठून साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. गच्चीवर जुनी साडी पसरून रांगेत. टाकी भरून वाहिली आणि पाणी सरळ त्या साडीवर. मी धावत जाऊन स्टार्टर हातानं पाडला. वर पोचलो तेव्हा बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि पापड्या मोरीच्या तोंडाशी गोळा झाल्या होत्या.

"आजोबा, तुमच्या हातानं होती तेव्हा बरी होती ना मोटर?"

मी झाकण उचलून आत बघितलं. पाच स्क्रू पाण्याखाली. माझा पाइप जागेवर होता, माझ्या वायरी जागेवर होत्या. मनात म्हटलं, माझ्या कामात खोट नाही. असा माझा स्वभाव. आधी आपली बाजू बघतो.

सेक्रेटरी एका ऑफिसात साहेब होते, शनिवारी घरी असायचे. माणूस सभ्य, आवाज चढवत नाही, आणि म्हणूनच बोललं की जास्त लागतं. "आजोबा, उन्हाळा तोंडावर आहे. पाण्याची काय परिस्थिती आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. उद्या सकाळी कमिटीसमोर एकदाच करून दाखवा. झालं तर लगेच पत्र देतो. नाही झालं तर वायरी काढून घ्या आणि पत्राचा विषय बंद."

पोरगी माझ्या मागं उभी होती. तिनं नुसती मान हलवली. सोमवारी कॉलेजात पत्र द्यायचं होतं, हे तिला ठाऊक होतं, मलाही.

घरी आल्यावर ती पहिल्यांदा बोलली. "एका फाइलीत होतं तेव्हा चालत होतं."

म्हातारी भाकऱ्या थापत होती. "ह्यांनीच सांगितलं फोडायला. जिथं तिथं आपला कारखाना. कारखाना ह्यांना सोडून गेला, हे काय कारखान्याला सोडत नाहीत."

चूक झाली, हे तोंडातून काढायची मला सवय नाही. कारखान्यातही चार्जमनसमोर, म्हणजे शेडच्या मुकादमासमोर, मी कधी काढलं नाही. रात्रपाळी करून काम दुरुस्त करून द्यायचो, पण बोलायचो नाही.

"आबा, जुनं सगळं फ्लॉपीवर आहे," पोरगी म्हणाली. "मी परत एकच फाइल करते. तासाभराचं काम."

तिनं तसं केलं असतं तर सगळं मिटलं असतं, हे मला कळत होतं. पण घशाखाली उतरत नव्हतं. चार खाती वेगळी असली की काम बिघडतं, ही गोष्ट मी पस्तीस वर्षं उलटी बघितली होती. वेगळी खाती असूनही आमचा माल जुळत होता. मग हिचाच का जुळू नये?

"दुपारच्या चहापर्यंत थांब," मी म्हणालो. "चारही फाइलींचं वरचं वरचं मला कागदावर लिहून दे. एका फाइलीला एक कागद."

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"लिहून तर दे."

तिनं लांब वहीचे चार कागद फाडले आणि पेन्सिलीनं लिहून काढलं. मी ते पलंगावर शेजारी शेजारी मांडले, ड्रॉइंग मांडायचो तसे. चष्मा लावला. बाकी काही कळलं नाही, पण एक ओळ चारही कागदांवर जशीच्या तशी होती. तेच शब्द, तीच अक्षरं, शेवटी शून्य.

"ही ओळ काय?"

"तोच तो लेव्हल. स्टॅटिक लेव्हल, सुरुवातीला शून्य."

"चारही ठिकाणी तोच?"

"हो, तोच."

"तोच म्हणजे एकच, की एकासारखे चार?"

ती कागदांवर वाकली.

मी कागदांवर बोट ठेवलं. "ह्या खात्यात पाणी बघणारा माणूस आकडा लिहितो. कुठं लिहितो? आपल्याच टेबलावर. मोटरवाला कुठं बघतो? त्याच्या टेबलावर. त्याच्या टेबलावर कुणी लिहिलंच नाही तर तो शून्यच बघणार ना?"

पोरगी पलंगावर बसली. "आबा, चार लेव्हल आहेत. स्टॅटिक लिहिलं म्हणून प्रत्येक फाइलीला स्वतःचा मिळाला. म्हणून तर चूक दाखवली नाही."

आणि तेव्हा मला बुशची गोष्ट आठवली. मी कारखान्यात नवा होतो तेव्हाची. आमच्याकडं शाफ्ट एका शेडमध्ये व्हायचे आणि त्यावर चपखल बसणारे बुश, म्हणजे पोकळ नळकांडी, दुसऱ्या. माप घ्यायला मास्टर गेज, म्हणजे मापाचा मूळ नमुना, एकच, आणि ते टूलरूममध्ये. ते आणायला जावं लागायचं, आपला पितळी बिल्ला तिथल्या खिळ्याला अडकवायचा, गेज घ्यायचं, माप बघायचं आणि परत द्यायचं. बुशवाल्यांना रोज जायचा कंटाळा आला. त्यांनी गेजसारखंच एक आपलं बनवून घेतलं. मग शाफ्टवाल्यांनीही बनवलं. काही दिवस कुणाची तक्रार नाही, सगळे खूश. मग एक दिवस जोडणीच्या शेडमध्ये एकही बुश शाफ्टवर चढेना. दोन्ही खात्यांचे लोक आपापलं गेज नाचवत एकमेकांच्या अंगावर आले होते. दोघंही खरं बोलत होते. दोघांच्याही गेजप्रमाणं माल बरोबर होता.

त्यानंतर टूलरूमच्या मुख्य माणसानं सगळी बाहेरची गेजं जप्त केली आणि प्रत्येक शेडच्या भिंतीवर एक छापील कार्ड लावलं. कार्डावर एवढंच, की ह्या मापाचं गेज आहे आणि ते टूलरूममध्ये मिळेल. शेडमध्ये गेज ठेवायचं नाही, कार्ड ठेवायचं.

हे मी पोरीला सांगितलं आणि सांगता सांगताच मला कळलं, की मी तिला अर्धाच कारखाना सांगितला होता. खाती वेगळी असतात एवढं सांगितलं. ती जुळतात कशानं, ते सांगायचं राहून गेलं. इतकी वर्षं ते कार्ड भिंतीवर होतं की मला ते दिसेनासंच झालं होतं.

"चूक माझी," मी म्हणालो. मी खरंच म्हणालो. म्हातारीनं तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर डोकावून बघितलं, कोण बोललं ते.

पोरीचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. ती दप्तरातून कॉलेजची वही काढून पानं उलटत होती. "हे आहे आबा. सरांनी शिकवलं होतं. एक्स्टर्न."

"ते काय?"

"तुमचं कार्ड. एक्स्टर्न लिहिलं की त्याचा अर्थ, ह्या नावाचा लेव्हल आहे, पण इथं नाही, दुसऱ्या फाइलीत आहे. इथं नवीन बनवू नको, तिथला वापर."

"आणि खरा कुठं ठेवायचा?"

"एकाच फाइलीत. पाणी बघणारीत ठेवते. शून्य तिथंच लिहायचं, एकदाच. आणि कार्ड चार ठिकाणी चार वेळा लिहायला नको. एक वेगळी छोटी फाइल करते, तिच्यात एक्स्टर्नची ओळ, आणि ती फाइल चारही जण वर लावून घेतील."

"बरोबर. कार्ड टूलरूममध्येच छापायचे. शेडवाल्यांनी हातानं लिहिलं असतं तर कुणी वेगळंच माप लिहिलं असतं."

ती कीबोर्डवर बसली. स्टॅटिक चारही ठिकाणचं काढलं. जोडताना कॉम्प्युटर कुरकुरला नाही. पण ह्या वेळी मी त्याच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवला नाही. बादली आण म्हणालो.

टाकीतला पाइप मी वरून काढून आणला, बादलीत उभा केला आणि म्हातारीला तांब्यानं पाणी ओतायला बसवलं. एक तांब्या, दोन तांबे. पडद्यावर एक झाला. मग दोन. पोरगी टाळ्या वाजवायला लागली. तीन, चार. बल्ब पेटलेला. पाच झाला, बल्ब विझला, भोंगा वाजला, आणि भोंगा वाजल्याबरोबर पडद्यावर शून्य आलं आणि बल्ब परत पेटला. क्षणभरानं पुन्हा पाच, पुन्हा भोंगा, पुन्हा शून्य. बल्ब डोळे मिचकावल्यासारखा करत राहिला.

म्हातारी तांब्या हातात धरून म्हणाली, "ह्याला फिट आली काय?"

खरी मोटर असती तर स्टार्टर जळला असता. पोरगी रडकुंडीला आली. "आता तर एकच लेव्हल आहे ना!"

मी म्हणालो, "एकच आहे म्हणून तर होतंय. कुणीतरी टूलरूममधून गेज नेतोय आणि घासून परत देतोय. बघ कोण."

तिनं शोधलं. भोंग्याच्या फाइलीत होतं. भोंगा वाजवून झाल्यावर तिथं तिनं लेव्हल शून्य करून ठेवला होता, आपलं टेबल पुसून ठेवावं तसा. आधी तो त्याचा स्वतःचा होता, पुसला तरी बाकीच्यांना फरक पडत नव्हता. आता सगळ्यांचा एकच, आणि हा पुसतोय.

"बघायचं सगळ्यांनी," मी म्हणालो, "हात लावायचा एकानंच. आमच्याकडं गेजला कुणी कानस लावली असती तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेर दिसला असता."

तिनं ती ओळ काढून टाकली. शून्यापासून पाचापर्यंत आम्ही बादली तीन वेळा भरली आणि तीन वेळा रिकामी केली. म्हातारीचा हात दुखला तेव्हाच थांबलो. सांजवेळेच्या आत मी पाइप परत गच्चीवरच्या टाकीत बसवला. बाईंनी नव्या पापड्या घालायचं पुढं ढकललं होतं, हे मी येता येता विचारून घेतलं.

रविवारी सकाळी कमिटीची सगळी मंडळी मोटरच्या खोलीसमोर जमली. सेक्रेटरी स्वतः गच्चीवर गेले आणि झाकण उघडून उभे राहिले. चौथ्या मजल्यावरच्या बाईही वर गेल्या, बघायला की मजा बघायला ते त्यांनाच ठाऊक. मी खाली, पोरीच्या खुर्चीमागं. स्टार्टर खट्कन बसला. पडद्यावर शून्य होतं, कारण सकाळच्या वापरानं टाकी तळाला गेली होती. शून्याचा एक व्हायला फार वेळ लागला. पोरीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मग दोन, तीन, चार झाला. कमिटीतल्या एकानं, लाइट गेली तर काय, असं विचारलं.

मी म्हणालो, "लाइट गेली तर मोटरही बंद आणि कॉम्प्युटरही बंद. दोघांचं भांडण नाही."

तेवढ्यात पाच झाला. भोंगा वाजला. मोटर बंद पडली. मोटर बंद झाल्यावर एवढी शांतता होते, हे मला त्या दिवशी कळलं, कारण एरवी ती मी स्वतः बंद करायचो आणि लगेच दार लावायच्या नादात असायचो. वरून सेक्रेटरींचा आवाज आला, "पाणी काठाच्या चार बोटं खाली थांबलंय!" आणि त्यामागून बाईंचा, "एक थेंब नाही सांडला हो!"

सेक्रेटरी खाली आले ते सरळ आपल्या घरी गेले आणि सोसायटीच्या कागदावर स्वतःच्या हातानं पत्र लिहून, शिक्का मारून घेऊन आले. माझ्या हातात दिलं. मी वाचायला वेळ घेतो आणि वाचल्याशिवाय कुठल्याही कागदाला हो म्हणत नाही. सगळे थांबले. मी ओळीखाली बोट धरून वाचलं. त्यांनी लिहिलं होतं, की आमच्या सोसायटीचे ज्येष्ठ सभासद, अनुभवी फिटर, ह्यांनी आपल्या नातीच्या मदतीनं ही यंत्रणा बसवली.

मला खूश करायला लिहिलं होतं, हे समजत होतं. थोडा खूश झालोही.

"हे चुकीचं आहे," मी म्हणालो.

"काय चुकीचं?"

"तिनं केलंय. मी वायरी ओढल्या आणि एकदा घोळ घातला. मदत मी केली."

"आबा, राहू दे ना," पोरगी हळूच म्हणाली. "शिक्का मारलाय त्यांनी."

"राहू दे कसं? कॉलेजला काय माझा निकाल लावायचाय?"

सेक्रेटरी हसले. "आजोबा, खोडून दुरुस्त केलेलं पत्र कॉलेजात चालणार नाही."

"मग दुसरं लिहा. कागद नसेल तर मी आणून देतो."

कमिटीतले दोघंतिघं हसायला लागले. म्हातारी दारातून म्हणाली, "लिहा हो साहेब. हे काय हलायचे नाहीत इथून." सेक्रेटरी परत वर गेले. आम्ही उभे राहिलो. बाईंनी तेवढ्यात पोरीला विचारून घेतलं, की त्यांच्या भावाच्या सोसायटीत असं बसवून देशील का.

दुसरं पत्र आलं. त्यात तिचं नाव होतं, तिच्या कॉलेजचं नाव होतं, यंत्रणा तिनं तयार केली आणि ती आमच्या इमारतीत चालू आहे असं लिहिलं होतं. माझा उल्लेख कुठंच नव्हता. फाइली वेगळ्या कर असं सांगणारा कोण होता, तेही नव्हतं. वाचून झाल्यावर मला आधी बरं वाटलं, मग थोडं कसंतरी वाटलं. मग पोरीनं ते पत्र माझ्या हातातून काढून घेतलं, उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि घडी पडू नये म्हणून दोन्ही तळहातांवर धरून, पाण्यानं भरलेली परात न्यावी तशी सांभाळत घरात घेऊन गेली. तेव्हा पुन्हा बरं वाटलं, आणि ते तसंच राहिलं.